कोकसाचा कळस

उलटं काम करणाऱ्याला आपण 'आधी कळस, मग पाया' म्हणून हिणवतो. वेरूळच्या सोळाव्या लेण्यात ते हिणवणं फुकट जातं, कारण कैलास खरोखरच तसा घडला. डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खोदत नेले, मधे काळ्या कातळाचा एक प्रचंड ठोकळा सुटा केला आणि पाथरवट शिखरापासून खाली उतरत गेले. उंची सुमारे ३० मीटर. बाहेर निघालेला दगड दोन लाख टनांच्या घरात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

हे सारं आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या नावावरचं. पण लोकांच्या तोंडी कृष्णराजापेक्षा राणीच जास्त. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त ती येते. एलू राजाचा रोग बरा व्हावा म्हणून माणिकावती राणीने नवस बोलला: शिवाचं देऊळ बांधीन. राजा बरा झाला, तेव्हा ती म्हणाली, कळस दिसल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही. भलेभले कारागीर महिन्यांचे हिशेब सांगू लागले. पैठणचा कोकस म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. आणि त्याने डोंगराला वरून हात घातला.

मला ही कथा फार आवडते, ती घडली असेल-नसेल. कातळातून असं देऊळ सोडवायचं तर वरून उतरणं हीच शहाणपणाची रीत. परांची लागत नाही, पायाखालचा दगडच कारागिराला उभं राहायला जागा देतो. एवढी व्यवहाराची गोष्ट. लोकांनी तिला एका बाईची भूक जोडली आणि ती शतकानुशतकं टिकली.

बाजूच्या डोंगरावर चढून पाहिलं, की मंडपाचं छप्पर नजरेत येतं. मधे उमललेलं कमळ, भोवती चार सिंह. हे सिंह कोरले गेले तेव्हा त्यांच्या पायाखाली मंडप नव्हताच, नुसता भरीव कातळ होता. बांधकामात एखादा चिरा फुटला तर दुसरा बसवता येतो. इथे गेलेला दगड गेलाच. तळाशी देऊळ पाठीवर घेतलेल्या हत्तींसाठी किती कातळ राखायचा, हा हिशेब वरून उतरतानाच मांडावा लागला. कैलास परग्रहावरच्यांनी घडवला, असं सांगणारे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर फिरतात. ते पाहून माझं डोकं फिरतं. अंगणाच्या भिंतींवर टाकीचे घाव अजून स्वच्छ दिसतात. शेजारीशेजारी, तिरपे, एकाच्या हाताचे खोल तर दुसऱ्याचे उथळ.

या देवळावर एके काळी पांढरा गिलावा आणि वर रंग होता; म्हणून त्याला रंगमहाल म्हणत. आज काही ठिकाणी त्याचे पापुद्रे तेवढे उरलेत. खरं सांगायचं तर काळा कैलासच मला भावतो. रंगवलेला डोळ्यांपुढे आणायला गेलं की जमत नाही.

दक्षिणेच्या बाजूला रावण आहे. दगडात खोल, अंधारात बसून वीस हातांनी तो कैलास हलवतोय. वर पार्वती दचकून शिवाला बिलगलेली, दासी पळत सुटलेली, आणि शिव निवांत. ज्या देवळाचं नावच कैलास, त्याच्याच बुडाशी तो उपटायला निघालेला रावण बसवायचा, यात त्या कारागिरांचा खट्याळपणा मला दिसतो. वर्षानुवर्षं एक डोंगर फोडणाऱ्या माणसांना रावणाचं दुखणं कळलंच असणार.

तिथेच एका शाळेची सहल आली होती. गाइडकाका रंगात येऊन राणीची गोष्ट सांगत होते. दोन वेण्यांतल्या एका मुलीने विचारलं, "काका, राणी पाणी तरी प्यायची का?"

"प्यायची गं बाळ. उपास होता, निर्जळी नव्हती," काका म्हणाले आणि पोरांना रावणाकडे घेऊन गेले.