थांबणे आणि सोडणे

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा यशाची एखादी हकिगत पाठवावी, असेच आम्हा दोघींच्या मनात प्रथम आले. परंतु ज्या वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका खोलीत वाढलो, तेथील धाकट्या भगिनींना आमच्या यशाहून आमच्या थकव्याची हकिगत अधिक उपयोगी पडेल, असे वाटले.

2023 साली आम्ही पुण्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते. चौथे वर्ष केल्यास ऑनर्स पदवी मिळते. सकाळी तास, दुपारी अर्धवेळ नोकरी, रात्री प्रकल्प, अशा क्रमात पाचव्या सत्रापर्यंत आमची अवस्था अशी झाली, की पुस्तक उघडल्यावर अक्षरे दिसत, अर्थ लागत नसे. गुण मात्र मिळत होते. म्हणून घरी कोणास काही कळले नाही.

तीन वर्षांवरच थांबावे, या विचाराने सुटल्यासारखे वाटे आणि लगेच अपराधीही वाटे. महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या आमच्या घरांतील आम्ही पहिल्याच. एकीची आई शेतमजुरी करते, दुसरीचे वडील गवंडीकाम करतात. “आता थांबलीस, तर पुन्हा कोण जाऊ देईल?” हे आईचे भय खोटे नव्हते. थांबलेल्या मुलीच्या दारी प्रवेशअर्जाआधी स्थळे येतात.

दिवाळीच्या सुटीत आम्ही वसतिगृहाच्या बाईंना भेटलो. त्यांनी उपदेश केला नाही. “झोपता किती तास?” एवढेच विचारले. “चार,” आम्ही म्हणालो. “मग हा निर्णय तुमचा नव्हे, थकव्याचा आहे. आधी आठ दिवस झोपा, मग हिशेब मांडा.”

आम्ही तसेच केले. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए.ला दोन वर्षे लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर एक पुरते. बेरीज दोन्हीकडे पाचच. वेळ वाचणार नव्हताच. विसावा कोठे घ्यायचा, एवढाच प्रश्न उरला.

तेव्हा बाबासाहेबांचे लंडन आठवले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे 1917 साली त्यांना शिक्षण अर्धवट ठेवून परतावे लागले. पण निघताना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी त्यांनी मिळवली होती. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले, 1921 मध्ये एम.एस्सी. आणि 1923 मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांचे थांबणे परिस्थितीने लादलेले होते, आमचे थकव्याने, तुलना तेवढ्यापुरतीच. परंतु परतीची वाट राखून थांबणे म्हणजे सोडणे नव्हे, हे आम्हांस त्यातून उमगले.

आमचे निर्णय वेगळे झाले. एक जण येत्या उन्हाळ्यात तीन वर्षांची पदवी घेऊन थांबेल. 2027 च्या जूनमध्ये एम.ए.ला प्रवेश घेणार, असे तिने कागदावर लिहून आईच्या हाती दिले आहे. आईला वाचता येत नाही, पण तो महिना तिला पाठ आहे. दुसरी चौथे वर्ष करील. त्यासाठी तिने नोकरी सोडली असून घरखर्चाचा भार तेवढा काळ थोरल्या भावाने उचलला आहे.

पालकांना एकच विनंती. सुटीत घरी आलेल्या मुलीला गुण विचारण्याआधी झोप विचारावी. आम्हांस तो प्रश्न या शाळेने विचारला, हे ऋण आम्ही विसरणार नाही.

— दोन माजी विद्यार्थिनी