सुराआधीची फुंकर

टेनर सॅक्सोफोनवर संथ प्रेमगीत वाजवताना कस लागतो तो खालच्या सुरांत. ते मुळातच दांडगे. जरा जास्त फुंकलं की भोंग्यासारखे अंगावर येतात. त्यांना मऊ करायचं तर खालचा जबडा किंचित मागे घ्यायचा, ओठाची रीडवरची पकड सैल सोडायची आणि जीभ न लावता नुसत्या श्वासाने सूर उठवायचा. आधी हवा ऐकू येते, मग सूर. याला आम्ही सबटोन म्हणतो. कानाशी बोलणाऱ्या माणसाचाही आधी श्वासच जाणवतो. सॅक्सोफोनवरचं निम्मं प्रेम मला तरी या हवेतच सापडतं.

हे टेनर सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टरइतकं कुणालाच साधलं नाही. 1956 च्या सप्टेंबरमध्ये त्याने पियानोवादक आर्ट टेटमबरोबर रेकॉर्डिंग केलं. त्यातलं ‘माय वन अँड ओन्ली लव्ह’ मी अजूनही रियाजाआधी ऐकतो. टेटमची बोटं थांबायचं नाव घेत नाहीत, सुरांची नुसती बरसात. दुसरा कुणी असता तर चुरशीला पेटला असता. वेबस्टर मात्र चाल सोडत नाही. एकेक सूर लांबवतो, शेवटाकडे येताना त्याला हलका कंप देतो आणि सूर विरला तरी हवा तशीच चालू ठेवतो. दोन महिन्यांच्या आत टेटम गेला. त्या अर्थाने हे त्याचं अखेरच्या दिवसांतलं वादन.

आणखी एक गोष्ट, शब्दांची. वादकाला गाण्याचे शब्द यायलाच हवेत, असा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचा आग्रह असे. दुसरा सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन तर वाजवण्याआधी श्रोत्यांना गाण्याच्या ओळी म्हणून दाखवायचा. यात दिखावा नाही. श्वास कुठे घ्यायचा ते शब्दच सांगतात. ‘तू’ आणि ‘माझी’ यांच्या मधेच श्वास घेतला तर सगळं मुसळ केरात.

दुसऱ्या आवर्तनात लय दुप्पट करून बोटांची तयारी दाखवायची रीत मला मुळीच पटत नाही. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनइतका वेग कुणाकडे होता? तरी 1963 साली आलेल्या ‘बॅलड्स’ या अल्बममध्ये तो बहुतेक ठिकाणी मूळ चालीलाच धरून आहे.

शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: आधी शब्द पाठ करा, ते मोठ्याने म्हणा, आणि निदान महिनाभर तरी चालीत एकही जादा सूर घालू नका.