भायखळ्याला उतरा

शहापूर तालुक्यातल्या शेणव्यात आमचं घर, त्याची मागची भिंत कुडाची होती. कारवीच्या काठ्या उभ्या बांधलेल्या, त्यावर माती आणि शेण कालवून केलेलं लिंपण. भातं झोडून झाली की आजी त्या भिंतीपुढे बसायची. आधी बोटांनी ठोकून बघायची. पोकळ आवाज आला तेवढेच पोपडे काढायची, बाकीच्याला हात लावायची नाही. ‘चांगलं हाय त्याला कशाला उकरायचं?’ म्हणायची. मग ओल्या मातीवरून तिचा हात फिरायचा आणि पाच बोटांच्या कमानी उमटायच्या. भिंत वाळली तरी त्या दिसत राहायच्या. जुनी वास्तू सांभाळायची कशी, हे मी तिथं बघितलं होतं. त्याचा अर्थ कळला तो कित्येक वर्षांनी, भायखळा स्टेशनात.

भायखळ्याला मी पहिल्यांदा उतरलो तो शाळेच्या सहलीत. पहाटे एसटीनं शहापूर, तिथून आसनगाव, मग कसाऱ्याहून आलेली लोकल. शेजारच्या मालडब्यात दुधाच्या किटल्या आणि वालाच्या शेंगांच्या पाट्या. गुरुजींनी दोघादोघांच्या जोड्या लावलेल्या आणि बजावलेलं, हात सोडायचा नाही. भायखळा आलं, आम्ही खाली ओतले गेलो आणि तसेच राणीच्या बागेकडे पळालो. पाणघोडा बघितला, संग्रहालयाच्या आवारातला घारापुरीचा दगडी हत्ती बघितला. स्टेशनाकडे मात्र कुणी मान वर करून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही आहे, असं ते स्टेशन सांगतही नव्हतं. दगडावर रंगाचे थर चढले होते, भिंतींवरून वायरी लोंबत होत्या आणि बोर्डांखाली कमानी झाकून गेल्या होत्या.

ती दगडी इमारत १८५७ साली पुरी झाली. देशातल्या सर्वांत जुन्या स्टेशन-इमारतींपैकी ती एक, आणि आजही रोजच्या वापरातली. २०१९ मध्ये तिच्या जीर्णोद्धाराचं काम सुरू झालं. ‘आय लव्ह मुंबई’ या संस्थेनं ते उचललं, बजाज समूहानं पैसा दिला आणि वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी आखणी केली. करोनाचे दिवस मध्ये आले, तरी २०२२ मध्ये ते काम तडीला गेलं आणि त्याच वर्षी युनेस्कोनं आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-संवर्धन पुरस्कार त्याला दिला.

त्यानंतर मी मुद्दाम उतरून ते स्टेशन बघितलं. मोकळ्या झालेल्या दगडाला तळहात लावला. घडवणाऱ्याच्या छिन्नीचे बारीक टवके हाताला लागले आणि आजीच्या बोटांच्या कमानी आठवल्या. माझ्या बाजूनं तिकिटाची रांग सरकत होती. एक बाई डोक्यावरची पाटी दोन्ही हातांनी सावरत, त्या दगडाला खांदा घासून पुढे गेली. कुणी तिला बाजूला हो म्हटलं नाही. या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. इमारत धुतली, सावरली, आणि पुन्हा लोकांच्या खांद्याला लावून दिली.

जुन्या दगडी बांधकामाचा स्वभाव कुडाच्या भिंतीसारखाच असतो. चुन्यात बांधलेली भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते आणि दगड आतून झिजू लागतो. म्हणून अशा कामात घाई चालत नाही. ठोकून बघायचं, पोकळ तेवढं काढायचं, चांगलं आहे त्याला उकरायचं नाही. अडाणी म्हणवणाऱ्या माझ्या आजीला जे कळत होतं, तेच शिकलेल्या संवर्धकांचंही पहिलं पथ्य आहे.

स्टेशनापासून चालत गेलं की थोड्या वेळात राणीची बाग येते आणि तिथं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८६२ मध्ये त्याचा पाया घातला गेला, १८७२ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. मधल्या काळात तेही जीर्ण झालं होतं. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन एकत्र आले. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली इमारत पुन्हा उभारीला आली. २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये दारं उघडली. पुढे जागा अपुरी पडू लागली. नव्या दालनासाठी जागतिक स्पर्धा झाली, २०१४ मध्ये स्टीव्हन होल यांचा आराखडा निवडला गेला, पण तो कागदावरच राहिला.

मला वाटतं, त्या संग्रहालयाचं एक दालन आधीच उभं आहे. ते म्हणजे भायखळा स्टेशन. दोन्ही वास्तू एकाच काळातल्या, दोन्ही पडता पडता सावरलेल्या. आणि दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस उभा आहे. तो आमचा आहे.

जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे सगळ्या महाराष्ट्राचे नाना, १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला जन्मले. मुंबईत आगगाडी यावी म्हणून १८४५ पासून खटपट करणाऱ्यांत सर जमशेटजी जिजीभाईंबरोबर ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डब्यांची पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला निघाली आणि भायखळ्यावरून गेली, तेव्हा नाना तिच्यात बसलेले होते. राणीच्या बागेतलं संग्रहालय उभं राहावं म्हणून झटणाऱ्यांतही डॉ. भाऊ दाजींबरोबर त्यांचं नाव येतं. पुढे रूळ आमच्या मुलखात शिरले. १८५५ मध्ये वासिंद, १८६० मध्ये आसनगाव, १८६१ मध्ये कसारा. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट चढून गाडी इगतपुरीला पोचली आणि त्याच वर्षी ३१ जुलैला नाना गेले. संग्रहालय उघडलेलं त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या मुरबाडला तर रेल्वे अजून पोचलेली नाही.

बोरीबंदरला पुढे उभ्या राहिलेल्या भव्य इमारतीवर नानांचा चेहरा दगडात कोरलेला आहे. फ्रेडरिक स्टीव्हन्सनं आखलेल्या त्या कामावर साहाय्यक अभियंता म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते. त्यांचं नाव निदान कागदात राहिलं. पण दर ३७ फुटांमागे एक फूट चढणारा आमचा घाट ज्यांनी फोडला, त्यांचे चेहरे कुठंही कोरलेले नाहीत. आजही कसाऱ्याला गाडी थांबते, मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात आणि गाडी घाटाला भिडते. त्या रुळांवरून चाव्या तपासणारा चावीवाला हातोडा घेऊन उन्हापावसात चालतो. हे सगळं ज्या संग्रहालयात नाही, ते मला अर्धं वाटतं.

२०१७ च्या अखेरीस बोरीबंदरची सगळी इमारत रिकामी करून तिचं संग्रहालय करावं, असा विचार पुढे आला होता. कामगार संघटनांनी विरोध केला आणि मध्य रेल्वेची कचेरी तिथंच राहिली. झालं ते बरं झालं. आमच्याकडे म्हणतात, घराला राबता हवा. माणसं मुंबईला निघून गेली आणि कुलूप लागलं की पक्क्या घरालाही दोन पावसाळ्यांत वाळवी लागते. तळमजल्यावरची वारसा-दालनं जरूर वाढावीत, जुनी यंत्रं आणि नकाशे मांडावेत, पण वरच्या मजल्यावर फायली हलत राहाव्यात आणि फलाटावर गाड्या लागत राहाव्यात. भायखळ्यानं ते करून दाखवलं आहे. जिथं तिकीट अजून मिळतं, ते रेल्वेचं सर्वांत खरं दालन.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या गुरुजींना आणि बाईंना माझं एक मागणं आहे. यंदाची सहल राणीच्या बागेत नेलीत, तर भायखळ्याला उतरल्यावर लगेच पळू नका. मुलांना दहा मिनिटं त्या दगडी भिंतीपाशी उभं करा, हात लावू द्या आणि सांगा, मुरबाडला जन्मलेला एक माणूस पहिल्या गाडीत बसून इथून गेला होता. मग संग्रहालयात न्या आणि तेच नाव पुन्हा सांगा. ज्यांच्या घरी रेल्वेत राबलेल्या आजोबांचा कंदील, पितळी बिल्ला किंवा हातोडा माळ्यावर पडला असेल, त्यांनी तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नये. पुसून ठेवावा, कुणाचा होता ते कागदावर लिहून त्याला बांधावं. आमच्या घाटाचं दालन कधीतरी उभं राहील, तेव्हा पहिल्या वस्तू याच असतील.