चार पाय, एक मुंडी

प्रिय मित्रा,

बफेलोत कोंबडीच्या पंखांची एक प्लेट घेताना खिसा रिकामा झाला, असं तू लिहिलंस. अरे, तू तर त्या पदार्थाच्या माहेरीच राहतोस! १९६४ साली तिथल्याच अँकर बारमध्ये टेरेसा बेलिसिमो या बाईंनी पंख तळले आणि लोणी घातलेल्या तिखट सॉसमध्ये घोळवले. तोवर पंख जायचे ते सूपच्या पातेल्यात. आता ‘सुपर बोल’ या फुटबॉल सामन्याच्या सुमारास अमेरिका शंभर कोटींहून जास्त पंख फस्त करते, आणि कोंबडीला पंख दोनच! मागणी कितीही वाढो, तिसरा फुटत नाही.

इकडे कोल्हापुरात पायाचं तेच चाललंय. बकऱ्याला पाय चार, मुंडी एक. मटणाच्या दरावरून २०१९च्या अखेरीला इथे आंदोलन पेटलं होतं, आठवतं ना? मटण परवडेनासं झालं की माणूस पाया-वजरीकडे वळतो. त्यात आता व्यायामशाळेतली पोरंही पाया मागायला लागली आहेत. हाड मोडलेल्याला पायाचं सूप द्यायची पद्धत जुनीच. आता ते हॉटेलात वाटीवर विकलं जातं.

पायात मांस असं नावालाच. सगळी करामत कातडीची आणि सांध्यांची. मंद आचेवर तासन्‌तास शिजलं की त्यातला कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतो आणि रस्सा बोटांना चिकटायला लागतो. पण त्याआधीचं काम बघ. पाय जाळावर भाजायचे, केस खरवडायचे, पुन्हा धुवायचे. वजरी तर गरम पाण्यात घालून तिचा काळा थर निघेपर्यंत घासावी लागते. हा पदार्थ स्वस्त होता, कारण ही मेहनत कुणी हिशेबातच धरली नाही. ज्यांना मांडीचं मटण परवडत नव्हतं, त्या घरांतल्या बायकांनी ती केली.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ तू अजून वाचलं नसशील तर जरूर वाच. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं त्यांनी त्यात नोंदवलंय. पुस्तक २०१५चं, २०२४ साली ते इंग्रजीतही आलं. जनावराचा कुठलाही भाग वाया न घालवणारी ही जाणती पाककला. त्या ताटाकडे बघून वर्षानुवर्षं नाकं मुरडली गेली. आज तीच वजरी मेन्यूकार्डावर दिमाखात छापली जाते, तेव्हा तिचं श्रेय या घरांना मिळालंच पाहिजे. भाव वाढल्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की ज्यांनी ही चव टिकवली त्यांनाच आता अर्धा पावशेर वजरी घेताना दहादा विचार करावा लागतो.

दिवाळीनंतर येणार आहेस ना? मग दोन दिवस आधी फोन कर. पाया हल्ली खाटकाला सांगून ठेवल्याशिवाय मिळत नाही.

तुझाच,
कोल्हापूरकर दोस्त