जिंकूनच जाईन म्हणता म्हणता...

महिला दिनाची सकाळ. तारीख ८ मार्च २०२०, वार रविवार. मोबाइलवर गुलाबाची फुलं आणि स्त्रीशक्तीचे मेसेज धो धो येत होते. आणि मी? मी मांडीवर पोह्यांची डिश घेऊन टीव्हीसमोर बसले होते. पडद्यावर दोन बायका एकमेकींना मनसोक्त बडवत होत्या!

‘‘अगं, काय बघतेस हे सकाळी सकाळी?’’ बाबांनी पेपरमधून डोकं वर काढलं.

‘‘वर्ल्ड टायटलची फाइट आहे, बाबा. पाच मिनिटं बसा तरी.’’

पाच मिनिटं म्हणून बसलेले बाबा पुढची पंचवीस मिनिटं जागचे हलले नाहीत. माझे पोहे गार झाले.

लास वेगासमध्ये चाललेली ती फाइट होती चीनची झांग वेइली आणि पोलंडची योआना येंजेचिक यांची. खेळ मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती, पकडी सगळं एकाच पिंजऱ्यात. पाच मिनिटांचा एक, असे पाच राउंड. बघता बघता योआनाच्या कपाळावर टेंगूळ यायला लागलं. दार लागून येतं तसलं नव्हे हं! शेवटच्या राउंडपर्यंत कपाळ एवढं सुजलं, की बाईचा चेहरा ओळखू येईना. तरी ती पुढेच जात होती. शेवटी तीन जजपैकी दोघांनी झांगच्या बाजूने कौल दिला, एकाने योआनाच्या. एका मताने हरली बिचारी.

‘‘हिला घरी कोणी थांब म्हणत नाही का गं?’’ बाबांनी विचारलं.

मी काहीच बोलले नाही. कारण तेव्हा हा प्रश्न मला स्वतःलाच नको होता.

आधी माझी आणि योआनाची ओळख कशी झाली ते सांगते. २०१७मध्ये मी किक-बॉक्सिंगचा क्लास लावला होता. उद्देश अर्थातच थोर, वजन कमी करणं! हिंजवडीच्या कँटीनमधले समोसे आणि दिवसाचे दहा तास खुर्ची, दुसरं काय होणार? क्लासच्या सरांनी एकदा योआनाच्या फाइट्स दाखवल्या आणि सांगितलं, ‘‘हीसुद्धा शाळेत असताना वजन कमी करायलाच मुए थाईच्या क्लासला गेली होती.’’ बस्स, आपण फिदा! माझं वजन काही फार हललं नाही, ती मात्र वर्ल्ड चॅम्पियन झाली.

आणि झाली तीही कशी! १४ मार्च २०१५, डॅलस. ११५ पाउंडांच्या म्हणजे साधारण ५२ किलोंच्या गटात कार्ला एस्पार्झा यूएफसीची पहिली चॅम्पियन होती. योआनाने तिला दुसऱ्या राउंडमध्येच संपवलं आणि यूएफसीचा पट्टा मिळवणारी पहिली पोलिश खेळाडू ठरली. आता तिचं आडनाव. पोलिश आडनाव ते, अमेरिकनांची जीभ वळता वळेना. तेव्हा तीच म्हणाली, सोपं करू या, मला ‘योआना चॅम्पियन’ म्हणा. झालं! तेच तिचं नाव पडलं.

पुढे तिने पाच वेळा पट्टा राखला. बर्लिनमध्ये, मेलबर्नमध्ये ५६ हजार लोकांसमोर, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये... चौदा फाइट्स, चौदा विजय, हार एकही नाही. समोरासमोर उभं राहून फोटो काढतात ना, तेव्हाच समोरचीच्या तोंडापाशी मूठ नेऊन डोळ्यांत डोळे घालायची. अर्धी फाइट तिथेच जिंकायची!

पण नावातच ‘चॅम्पियन’ घालून घेतलं की एक पंचाईत असते. पट्टा गेला की नावाचं काय करायचं?

तो दिवस आला ५ नोव्हेंबर २०१७ला, आपल्याकडे रविवारी सकाळी. पुन्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर होती रोझ नामायुनास, शांत, कमी बोलणारी मुलगी. पहिल्याच राउंडमध्ये तिच्या ठोशाने योआना खाली पडली आणि वरून येणारे ठोसे सोसेनात तेव्हा तिने चक्क टॅप केलं, म्हणजे हार मान्य केली. तीन मिनिटांत खेळ खल्लास! नंतर तिने वजन उतरवताना झालेल्या हालांकडे बोट दाखवलं. एप्रिल २०१८मध्ये पुन्हा रोझशीच लढली, पुन्हा हरली. मग एक जिंकली. वरच्या वजनाच्या गटात जाऊन व्हॅलेंटिना शेवचेन्कोकडून हरली. पुन्हा एक जिंकली. आणि मग ते टेंगूळ.

आता माझं ‘टायटल’.

मी टीम लीड होते. नऊ जणांची टीम! आईने तर लग्नकार्यात माझं नाव सांगायचंच सोडलं होतं. ‘‘ही आमची मुलगी, टीम लीड आहे,’’ अशी ओळख. २०१९मध्ये एक प्रोजेक्ट आपटला. चूक किती माझी, किती वरच्यांची, हा हिशेब आता नको. पण एका शुक्रवारी संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं गेलं, की सोमवारपासून टीम दुसरं कोणीतरी बघेल, मी तिथेच ‘कॉन्ट्रिब्यूट’ करायचं. बोलणं फार गोड होतं. पाणीसुद्धा विचारलं.

सोमवारी मी त्याच खुर्चीवर बसले. फक्त मीटिंगमध्ये सगळे आता दुसरीकडे बघून बोलत होते.

आईला चार महिने सांगितलंच नाही. मैत्रिणी म्हणाल्या, सोड, दुसरी बघ. मला कळत नव्हतं का? पण माझा एक हट्ट होता. असं नाही जायचं. आधी लीडशिप परत मिळवायची, सगळ्यांना दाखवून द्यायचं आणि मग राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटायचा. जिंकूनच जाईन!

तुम्हीच सांगा, तुमच्याही डोक्यात हा सीन कधी ना कधी चाललाय की नाही?

योआनाच्या त्या फाइटनंतर दुसऱ्याच दिवशी पुण्यात करोनाचे पहिले पेशंट सापडले आणि थोड्याच दिवसांत ऑफिस घरी आलं. माझा हट्टही घरी आला. रात्री बारापर्यंत कॉल, शनिवारी कॉल. प्रत्येक अप्रेझलला वाटायचं, आता नक्की. प्रत्येक वेळी तेच उत्तर: ‘यू आर व्हेरी क्लोज.’ मायग्रेनच्या गोळ्या रोजच्या झाल्या. बाबा रात्री पाण्याची बाटली भरायला उठायचे, माझ्या खोलीतला दिवा बघायचे आणि काही न बोलता परत जायचे.

मग उजाडला १२ जून २०२२, पुन्हा रविवार. योआना दोन वर्षांपेक्षा जास्त काळ फाइटपासून लांब होती. आता सिंगापूरमध्ये समोर पुन्हा झांग वेइली. जी जिंकेल तिला टायटलची संधी. बाबा या वेळी आपणहून चहा घेऊन बसले. ‘‘आज ही उट्टं काढणार बघ,’’ म्हणाले.

दुसरा राउंड. झांगने गर्रकन गिरकी घेतली, वळता वळता मुठीची मागची बाजू योआनाच्या चेहऱ्यावर बसली आणि ती पालथी पडली. फाइट संपली. बाबांचा चहा हातातच राहिला.

मला वाटलं, आता ती म्हणणार की मी परत येईन. सगळे तेच म्हणतात. पण माइक समोर आल्यावर तिने रिटायर होत असल्याचं जाहीर केलं. वीस वर्षं ट्रेनिंग केलं, आता पस्तिशीची होईन, आई व्हायचंय, बिझनेस करायचाय, असं काहीसं बोलली. रडत होती, हसतही होती. हातातले ग्लोव्हज काढून तिने पिंजऱ्यात ठेवले.

मी अवाक! हरल्या दिवशी? तेही नॉकआउट होऊन? अगं, एक सोपी फाइट घे, जिंक, टाळ्या घे आणि मग जा ना!

बाबांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, ‘‘मी व्हीआरएस घेतली तेव्हा तुझी आईही हेच म्हणत होती.’’

ही गोष्ट मला माहीतच नव्हती. बँकांमध्ये व्हीआरएसची स्कीम आली ते २०००-०१ साल. बाबांचं प्रमोशन त्याआधी दोनदा हुकलं होतं. आईचं म्हणणं, एकदा मॅनेजर व्हा, मग सोडा. मॅनेजर म्हणून रिटायर झालात तर चारचौघांत बरं दिसेल.

‘‘मग?’’

‘‘मग काय? जिंकून निघायचं ठरवलं असतं, तर साठीपर्यंत त्याच काउंटरवर असतो. आणि बाळा, प्रमोशन मिळालं असतं, तर कशाला निघालो असतो?’’

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खरंच की! लीडशिप परत मिळाली असती, तर मी राजीनामा दिला असता? छे! आणखी एक पायरी दिसली असती. जिंकून जायचं म्हणजे मुळात जायचंच नाही.

दहा दिवसांनी मी मेल टाकला. टेबलावर आपटलं वगैरे काही नाही, तीन ओळींचा साधा मेल. नोटिस पिरियड संपल्यावर लॅपटॉप, चार्जर आणि आयकार्ड सिक्युरिटीच्या काउंटरवर सही करून दिलं. टाळ्या नाहीत, डायलॉग नाही. गेटबाहेर रिक्षावाल्याने दीडपट पैसे मागितले. तेवढाच काय तो ड्रामा!

सगळं छान झालं, असं मी सांगणार नाही. नव्या कंपनीत पद खालचं मिळालं. पहिले काही महिने ‘आपण पळालो का?’ हा प्रश्न रात्री यायचा. आई अजून ओळख करून देताना क्षणभर अडखळते. पण गोळ्या सुटल्या, आणि शनिवारी मी पुन्हा क्लासला जाते.

ती तीन वर्षं वाया गेली का? पूर्वी वाटायचं, हो. आता योआनाचा हिशेब मांडून बघते. पहिल्या चौदा फाइट्स जिंकली, नंतरच्या सातपैकी पाच हरली. पण तिचं नाव काढलं की लोक आधी कुठली फाइट सांगतात? कपाळाला टेंगूळ आलेली, एका मताने हरलेली ती! २०२४मध्ये यूएफसीने तिला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, ते काही शेवटची फाइट बघून नव्हे. माझ्याही त्या तीन वर्षांत हाताखाली दोन पोरं तयार झाली. आजही अडलं की मलाच फोन करतात.

परवा बाबांनी विचारलं, ‘‘ती तुझी चॅम्पियन काय करते गं आता?’’

पट्टा जाऊन कितीतरी वर्षं झाली. बाबांना तिचं आडनाव अजूनही उच्चारता येत नाही. ते तिला चॅम्पियनच म्हणतात.