जबाबदारीचा रकाना

इंजिन रुळावरून घसरले, की प्रथम दोष इंजिनालाच दिला जातो. जे डोळ्यांसमोर आडवे पडलेले असते, त्यालाच अपराधी ठरवणे सर्वांत सोपे असते. ही सवय किती खोल रुजलेली आहे, हे मला कळले ते घरातल्या मेजावर धावणाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या एका प्रतिकृतीमुळे.

या प्रतिकृतींचे जग आकाराने लहान, पण नियमांनी काटेकोर असते. ‘एचओ’ या सर्वपरिचित प्रमाणात मूळ गाडीच्या ८७ पट लहान गाडी घडवतात आणि दोन रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर ठेवतात. एवढ्याशा अंतरात कागदाच्या जाडीचा फरकही मोठा ठरतो. त्यातही वाफेचे इंजिन अधिक हट्टी. डिझेल इंजिनाची चाके दोन स्वतंत्र बोगींत वाटलेली असतात आणि वळणावर त्या बोगी आपापल्या वळतात. वाफेच्या इंजिनाची मोठी चाके मात्र एकाच ताठ चौकटीत जखडलेली असतात. त्यांना वळणाची दिशा दाखवण्याचे काम पुढची दोन लहान चाके करतात. या चाकांच्या जोडगाड्याला ‘पोनी ट्रक’ म्हणतात. भार वाहतात मोठी चाके. वाट दाखवतात लहान.

माझे वडील, अण्णा, एका लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांचे उमेदीचे आयुष्य ‘डब्ल्यूजी’ इंजिनांच्या पोटाखाली गेले. १९५० ते १९७० या काळात भारतीय रेल्वेसाठी अशी २,४५० इंजिने तयार झाली. पुढे दोन, मध्ये आठ आणि मागे दोन अशी त्यांची चाकांची मांडणी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या धाकट्या भावाने त्याच मांडणीची ‘मिकाडो’ इंजिनाची प्रतिकृती अण्णांसाठी पाठवली. प्लायवूडच्या फळीवर आम्ही रूळ मांडले. पहिला पावसाळा सरेपर्यंत इंजिन एका वळणावर नेमाने घसरू लागले.

“आजोबा, इंजिनच खराब आहे. काकाला परत पाठवायला सांगू,” माझा मुलगा म्हणाला.

“इंजिनाला मागाहून विचारू. आधी रुळाला विचार,” अण्णा म्हणाले.

त्यांनी घसरण्याच्या जागेवर खडूने खूण केली. मग तीन प्रश्न मांडले. हे इंजिन सगळीकडे घसरते का? या जागी सगळ्याच गाड्या घसरतात का? की हेच इंजिन याच जागी घसरते? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले, तर दोष इंजिनात. दुसऱ्याचे आले, तर रुळात. आमचे उत्तर तिसरे निघाले. डबे त्या वळणावरून निर्धोक जात होते आणि इंजिन इतरत्र निर्धोक धावत होते.

अण्णांनी डोळा रुळाच्या पातळीवर आणला आणि इंजिन अगदी सावकाश सोडायला लावले. प्रथम उचलले जात होते ते पोनी ट्रकचे बाहेरच्या बाजूचे चाक. मोठी चाके त्याच्यामागून घसरत होती. रुळाच्या सांध्यावरून त्यांनी नख फिरवले. सांधा सरळ होता. चाकांमधले अंतर मापपट्टीने तपासले. तेही बरोबर होते. मग इंजिन आरशाच्या सपाट तुकड्यावर ठेवले, तेव्हा पोनीचे ते चाक काचेला जेमतेम टेकलेले दिसले. त्याची स्प्रिंग मऊ होती. इकडे दमट हवेने फळी किंचित वाकून वळणाच्या तोंडाशी बाहेरचा रूळ खचला होता. हलके चाक त्या खळग्यात उतरत नव्हते. अधांतरी राहून रुळावर चढत होते.

अण्णांनी रुळाखाली कार्डाची पट्टी सरकवली. इंजिन वीस फेऱ्या न घसरता धावले. मुलाने टाळ्या वाजवल्या. पण अण्णांनी पट्टी काढून घेतली आणि पोनी ट्रकवर शिशाचा लहानसा तुकडा बसवला. पुन्हा वीस फेऱ्या, पुन्हा निर्विघ्न.

“पट्टी का काढली? गाडी तर चालत होती,” मुलाने विचारले.

“एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर कोणाचा दोष किती, हे कळायचे कसे?”

“मग दोष कोणाचा?”

अण्णा गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचे कारण मला ठाऊक होते, तेही आईकडून. फार वर्षांपूर्वी यार्डात एक ‘डब्ल्यूजी’ घसरले होते. रूळ पाहणारे म्हणाले, इंजिन. इंजिन पाहणारे म्हणाले, रूळ. स्प्रिंग मोजली गेली, रूळही मोजले गेले. ती दोन मापे शेजारी ठेवून मात्र कोणी पाहिली नाहीत. कागदावर एक नाव हवे होते. इंजिनाला शेवटचा हात लावणारा म्हणून ते अण्णांचे ठरले आणि त्यांची वेतनवाढ वर्षभर रोखली गेली.

रेल्वेच्या इतिहासात याहून शहाणी उत्तरेही सापडतात. स्टीफन्सन यांच्या इंग्लंडमधील कारखान्यात बनलेले ‘जॉन बुल’ इंजिन १८३१ मध्ये अमेरिकेतील कॅम्डेन अँड अँबॉय रेल्वेवर आले. तिथल्या ओबडधोबड रुळांवर ते घसरू लागले. इंजिन वाईट नव्हते; पण नव्या देशात सगळे रूळ एका दिवसात सुधारणेही शक्य नव्हते. आयझॅक ड्रिप्स या यंत्रज्ञाने त्याच्यापुढे वाट दाखवणारी चाके जोडली. दोष इंजिन आणि रूळ यांच्या भेटीत होता. उपायही त्या भेटीतच शोधला गेला.

अखेर अण्णांनी पट्टी आणि शिसे, दोन्ही कायम केली. शेडच्या सवयीने ते मेजाशेजारी एक वही ठेवत. मुलाकडून त्यांनी तिच्यात तारीख, जागा आणि इंजिन यांची नोंद करून घेतली. ‘कारण’ या रकान्यात दोन ओळी लिहवून घेतल्या: रूळ खचलेला, पोनीचा भार कमी. पुढचा रकाना ‘जबाबदार’ असा होता. मुलगा पेन उचलून थांबला. अण्णांनी पेन आपल्या हातात घेतले, त्या रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि खाली सही केली.