पूजेतली गाडी

वस्तू जपणे आणि वस्तू जपून ठेवणे या दोन गोष्टी आम्ही इतकी वर्षे एकच समजत होतो. मुलांना शब्दांच्या अर्थच्छटा शिकविण्यात आयुष्य गेले; पण या दोहोंतील अंतर आम्हांस शिकविले ते एका गंजलेल्या पेट्रोलच्या टाकीने.

आमचे वडील, ज्यांना सारे नाना म्हणत, इंदुरात डॉक्टरी करीत. १९७९ साली त्यांनी एक जुनी फियाट घेतली. गाडी १९६६ सालची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. रात्री-अपरात्री रोग्याकडचे बोलावणे आले की नाना तिच्यातून निघत. नवरात्रात मात्र एक दिवस तिच्यावर आईचा हक्क असे. सारे घर गाडीत दाटीवाटीने बसून देवासच्या टेकडीवर तुळजाभवानीच्या आणि चामुंडेच्या दर्शनास जात असे.

२००९ साली नाना गेले. गाडी विकण्याचे मनात येईना आणि त्यांच्या जागी बसण्याचे धैर्यही होईना. ती अंगणातील पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. दर दसऱ्यास आम्ही ती पुसावी, हळदकुंकू वाहावे, झेंडूचा हार घालावा आणि दार लावून घ्यावे, अशी चौदा वर्षे गेली. तेवढ्यात प्रभू रामचंद्रांचाही वनवास संपला होता. आमच्या गाडीचा संपेना.

२०२३ च्या नवरात्राआधी आई म्हणाली, "अरे, एकदा देवासला जाऊन येऊ. त्यांच्या गाडीतून." आईचे वय तेव्हा ब्याऐंशी होते आणि तिने आजवर आमच्याकडे काही मागितल्याचे आम्हांस स्मरत नाही. आम्ही उत्साहाने कामास लागलो. टायर बदलले, ब्रेक दुरुस्त केले, बॅटरी नवी आणली, जुने पेट्रोल काढून नवे भरले. फक्त टाकीत डोकावून पाहण्याची बुद्धी झाली नाही.

मांगलिया ओलांडले आणि गाडी बंद पडली. दहा मिनिटे थांबलो, ती सुरू झाली. मैलभर गेली आणि पुन्हा बंद. असे चारदा झाले. आई दोन तास रस्त्याकडेच्या झाडाखाली बसून होती. शेवटी भाड्याच्या वाहनातून आम्ही दर्शनाविनाच परतलो. आई आम्हांस एका शब्दाने बोलली नाही. रात्री आमच्या सौभाग्यवतींना एवढेच म्हणाली, "गाडीसुद्धा म्हातारी झाली गं. आता पुरे."

ते "आता पुरे" गाडीपुरते नव्हते, हे आम्हांस कळले आणि झोप लागली नाही.

पुढील आठवडाभर आम्ही कार्ब्युरेटर दोनदा साफ करविला, फिल्टर तीनदा बदलला. वर्गात गोंधळ एकाने करावा आणि छड्या दुसऱ्याने खाव्यात, तसा तो प्रकार होता. अखेर नानांच्या वेळचे वृद्ध उस्ताद आले. त्यांनी फिल्टरमधील तपकिरी गाळ बोटावर घेतला आणि म्हणाले, "मास्टरसाहब, बीमारी पेट में है, आप नाक पोंछ रहे हैं।"

मग त्यांनी समजावून दिले ते असे. टाकी अर्धीमुर्धी रिकामी राहिली की उरलेल्या जागेत हवा शिरते. रात्रीच्या गारव्याने त्या हवेतील बाष्पाचे पाणी होते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते आणि पत्रा खाते. त्या काळच्या टाक्यांच्या पत्र्यास बहुधा शिसे आणि कथील यांचा मुलामा असे, जणू आतून केलेली कल्हईच. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, तसेच मुलामा गेलेल्या टाकीत पेट्रोल बिघडते. गाडी चालताना गंजाचा गाळ नळीच्या तोंडाशी ओढला जाऊन अडकतो. ती थांबली की ओढ संपते आणि गाळ पुन्हा खाली बसतो. मांगलियाच्या रस्त्यावरचे कोडे असे उलगडले.

टाकी उतरविली. उस्तादांनी प्रथम आमच्या चिरंजीवांच्या हातातील आगपेटी काढून घेतली. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळून बसलेली असते. साबणाच्या पाण्याने ती अनेकदा धुतली, उन्हात ठेविली. मग आत चाळीस बोल्ट मोजून टाकले आणि आम्ही पितापुत्रांनी ती दोन बाजूंनी धरून तासभर खुळखुळविली. बाहेर एकोणचाळीस निघाले. जन्मभर हजेरी घेतली, पण गैरहजर विद्यार्थ्यासाठी इतका वेळ आम्ही कधी थांबलो नव्हतो! तो सापडल्यावर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून एक दिवस भरून ठेविले, मग सोड्याच्या पाण्याने आम्लाचा अंश मारला आणि लगेच वाळविली. ओली राहिली तर उघड्या पत्र्यावर पाहता पाहता पुन्हा तांबूस छटा चढते.

एका दुकानदाराने आतून लावण्याचा लेप सुचविला होता. गंज न काढताच तो ओता, सारे झाकून जाईल, असे त्याचे म्हणणे. उस्तादांनी मान हलविली. गंजावर बसलेला लेप गंजासकट सुटतो आणि त्याचे पापुद्रे नळीत अडकतात. झाकण्याचा मार्ग आम्ही चौदा वर्षे हळदकुंकवाने चोखाळलाच होता. आणखी एका लेपाची हौस उरली नव्हती.

जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलला. आता देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत आले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या घडणीच्या रबरासही ते मानवत नाही. ज्या वाचकांच्या घरी अशी गाडी असेल, त्यांस एवढेच सांगणे, की टाकी शक्यतो भरलेली ठेवा आणि गाडी आठवड्या-पंधरवड्यास फिरवा.

कार्तिकात आम्ही आईला देवासला नेले. वाटेत ती काही बोलली नाही. शिप्रेचा पूल आला तेव्हा फक्त म्हणाली, "ते इथे नेहमी हॉर्न वाजवायचे." आम्ही वाजविला. तिला टेकडी चढवेना. पायथ्याशी गाडीत बसूनच तिने हात जोडले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आई पुढच्या सीटवर बसते आणि आम्ही शहराबाहेर चक्कर मारून येतो. दसऱ्याचा हार अजूनही घालतो. फरक एवढाच, की आता बॉनेट गरम असते आणि झेंडू लवकर कोमेजतो.